शस्त्रक्रियेनंतर पुन्हा त्रास सुरू झाला तर : लघवीवरचा ताबा आणि अंग बाहेर येणे यांवरील शस्त्रक्रियांनंतरच्या गुंतागुंतींचा सविस्तर मार्गदर्शक

खोकल्यावर, शिंकल्यावर लघवी जाणे किंवा अंग बाहेर येणे हा त्रास बहुतेक जणी कित्येक वर्षे कोणालाही न सांगता काढतात आणि मग कधीतरी धीर करून शस्त्रक्रियेला तयार होतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पुन्हा काही बिनसले, तर तो धक्का नुसता शरीराला बसत नाही. "एवढे करूनही पुन्हा तेच, आता कोणत्या तोंडाने सांगायचे," असे मनात येते आणि जुनी गप्प बसण्याची सवय परत येते. या लेखात मला एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. "लघवी जाते" किंवा "दुखते" एवढ्या एका वाक्यावर कोणताही डॉक्टर योग्य उपचार ठरवू शकत नाही, कारण त्या एका वाक्यामागे किमान पाच-सहा निरनिराळी कारणे असू शकतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात अपाय करतो. म्हणून त्रास नेमका कोणत्या प्रकारचा आहे हे शोधणे, ते लिहून ठेवणे आणि मगच पुढचे पाऊल उचलणे, या क्रमाने जावे लागते.

पहिली पायरी : आपल्यावर नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली, हे कागदावर आणा

"पिशवी वर टाकली" किंवा "पट्टी बसवली" एवढीच माहिती अनेकांकडे असते, आणि ती पुरेशी नसते. लघवीच्या गळतीसाठी मूत्रमार्गाच्या खाली कृत्रिम धाग्यांची अरुंद पट्टी, म्हणजे स्लिंग, बसवली जाते. तिची दोन टोके जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाच्या खालच्या टोकाला पुढे असलेल्या हाडाच्या, मागून वर नेली आहेत की जांघेतून मांडीच्या आतल्या बाजूला नेली आहेत, यावर पुढे कोणता त्रास संभवतो हे अवलंबून असते. काही जणींना स्वतःच्याच शरीरातील पडद्याची पट्टी बसवलेली असते, काहींचे मूत्राशयाचे तोंड टाके घालून वर बांधलेले असते, तर काहींच्या मूत्रमार्गाच्या भिंतीत फुगवटा आणणारे द्रव्य टोचलेले असते. अंग बाहेर येण्यासाठी योनिमार्गाच्या पुढच्या किंवा मागच्या भिंतीची टाके घालून दुरुस्ती करतात, योनीचा वरचा भाग ओटीपोटातील अस्थिबंधाला, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या मजबूत पट्ट्याला, बांधतात, किंवा पोटातून कृत्रिम धाग्यांची जाळी लावून तो माकडहाडाच्या वरच्या हाडाशी जोडतात.

म्हणून रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून तीन कागद मागून घ्या. शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणी, डिस्चार्ज कार्ड आणि जाळी किंवा पट्टी वापरली असल्यास तिच्या वेष्टणावरील स्टिकरची प्रत. या स्टिकरवर उत्पादनाचे नाव आणि तुकडीचा क्रमांक असतो. पुढे कधी ती काढण्याची वेळ आली, तर काढणाऱ्या सर्जनला हाच कागद सर्वांत जास्त उपयोगी पडतो. त्रास नसला तरी हे कागद आजच मागवावेत असे माझे मत आहे, कारण काही वर्षांनी जुन्या नोंदी सापडणे कठीण होते.

जाळीविषयी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बातम्या वाचून अनेक जणी विनाकारण घाबरतात आणि काही जणींच्या खऱ्या तक्रारीकडे दुर्लक्ष होते. मूत्रमार्गाखालची आधुनिक पट्टी स्वीडनचे डॉक्टर उल्फ उल्मस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्धीस आणली. त्यानंतर अंग बाहेर येण्यावरही योनिमार्गातून मोठी जाळी बसवण्याची पद्धत पसरली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ साली पहिला इशारा दिला. २०११ साली त्यांनी सांगितले की अंग बाहेर येण्यासाठी योनिमार्गातून बसवलेल्या जाळीच्या गंभीर गुंतागुंती दुर्मीळ नाहीत, आणि एप्रिल २०१९ मध्ये अशा जाळीची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. इंग्लंडमध्ये जुलै २०१८ मध्ये पट्टीसह योनिमार्गातील जाळीचा वापर स्थगित झाला. जुलै २०२० मध्ये औषधे आणि वैद्यकीय उपकरणांच्या सुरक्षिततेची तिथे चौकशी करणाऱ्या बॅरोनेस कम्बरलेज यांच्या समितीचा अहवाल आला, आणि त्यात स्त्रियांच्या तक्रारी वर्षानुवर्षे कानाआड केल्या गेल्याची स्पष्ट नोंद झाली. मूत्रमार्गाखालची पट्टी आणि पोटातून लावलेली जाळी मात्र अनेक देशांत आजही वापरात आहे आणि त्या बसवलेल्या बहुसंख्य स्त्रियांना मोठा त्रास होत नाही. म्हणून शरीरात जाळी आहे एवढ्यानेच ती काढायला धावू नये, आणि "जाळीने काही होत नाही" असे सांगून कोणी वाटेला लावत असेल तर तेही मान्य करू नये.

दुसरी पायरी : कोणत्या लक्षणांत एक दिवसही थांबायचे नाही

पोट भरल्यासारखे वाटते आहे, कळा येत आहेत आणि सहा तासांत लघवी झालेली नाही, तर लगेच रुग्णालयात जा. मूत्राशय जास्त ताणले गेले तर त्याचे स्नायू ढिले पडतात आणि सावरायला आठवडे लागतात. हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला सतत दुखू लागले, जखमेतून दुर्गंधीयुक्त पू येऊ लागला, तासाभरात पॅड भिजेल इतके रक्त जाऊ लागले, किंवा ओटीपोटात अथवा जांघेत फुगवटा येऊन चक्कर आणि घाम येऊ लागला, तरीही हेच. एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे, एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे ही रक्ताची गुठळी झाल्याची चिन्हे असू शकतात. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर आतड्याला अडथळा झाला आहे का हे पाहावे लागते.

दोन लक्षणे फारशी सांगितली जात नाहीत, म्हणून ती वेगळी लिहितो. योनीचा वरचा भाग अस्थिबंधाला बांधण्याची शस्त्रक्रिया झाली असेल आणि शुद्धीवर येताच नितंबातून पायाकडे किंवा योनीकडे जाणारी असह्य, जळजळणारी कळ सुरू झाली, तर टाक्यात नस सापडलेली असू शकते. तो टाका काही दिवसांत काढला तर आराम पडतो, "होईल कमी" म्हणून महिने घालवले तर नस बरी होणे अवघड जाते. दुसरे असे की माकडहाडाच्या वर जाळी जोडली असेल आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तापासह कंबर वाढत्या प्रमाणात दुखू लागली, तर मणक्यातील चकतीला जंतुसंसर्ग झाला आहे का हे एमआरआय करून पाहावे लागते. तो क्वचितच होतो, पण साधी कंबरदुखी समजून गोळ्या घेत राहिल्यास महागात पडतो.

तिसरी पायरी : अपेक्षित त्रास आणि गुंतागुंत यांतला फरक

पहिले चार ते सहा आठवडे अंगावरून थोडे तपकिरी किंवा पिवळसर जाणे, विरघळणाऱ्या टाक्यांचे तुकडे पडणे, लघवीची धार पूर्वीपेक्षा संथ वाटणे, लवकर थकवा येणे हे अपेक्षित आहे. पट्टी जांघेतून नेली असेल तर मांडीच्या आतल्या बाजूला, आणि योनीचा वरचा भाग अस्थिबंधाला बांधला असेल तर एका नितंबात काही आठवडे दुखते. पाहायचे असते ते दिशेकडे. दर आठवड्याला त्रास उतरत असेल तर तो भरून येण्याचा भाग आहे. तो आहे तिथेच अडला, वाढत चालला, किंवा पूर्ण बरे वाटल्यावर नव्याने सुरू झाला, तर त्याची तपासणी व्हायला हवी. या काळात जड उचलणे आणि शरीरसंबंध डॉक्टर सांगतील तोवर, साधारणपणे सहा आठवडे, टाळावेत.

बद्धकोष्ठाकडे या दिवसांत विशेष लक्ष द्या. वेदनाशामकांपैकी ट्रॅमाडॉल आणि कोडीन यांसारखी औषधे संडास घट्ट करतात, आणि कुंथण्याचा सगळा जोर नेमका नव्या टाक्यांवर येतो. पायाखाली छोटे स्टूल घेऊन गुडघे नितंबांपेक्षा वर येतील असे बसा, पुढे वाका, कोपरे मांडीवर टेकवा आणि श्वास न कोंडता पोट सैल सोडा. तरी होत नसेल तर लॅक्ट्युलोज किंवा मॅक्रोगॉलसारखे मऊ करणारे औषध डॉक्टरांना विचारून घ्या, कुंथू नका.

चौथी पायरी : तीन दिवसांची नोंद

हे काम कंटाळवाणे आहे हे मला मान्य आहे, परंतु संपूर्ण उपचारात याच्याइतके मोलाचे आणि बिनखर्चाचे दुसरे साधन नाही. एक मापाचे भांडे आणि एक वही घ्या. सलग तीन दिवस प्रत्येक वेळी किती वाजता लघवी झाली, किती मिली झाली, आधी किती प्यालात, गळती झाली का, झाली तर थेंब, ओले कपडे की पूर्ण पॅड, आणि त्या वेळी काय करत होता, हे लिहा. घाई किती होती यासाठी शून्य (अजिबात नाही) ते चार (सर्वांत जास्त) असा आकडा टाका.

समजा एका पानावर अशा नोंदी आहेत : सकाळी ६.१० ला ९० मिली, ६.३५ ला ६० मिली, ७.१५ ला ८० मिली, उठताना थेंब गेले, ८ वाजता ७० मिली, पोट जड. ही नोंद करणारी व्यक्ती डॉक्टरांना "सारखी लघवीला होते आणि गळते" एवढेच सांगेल आणि बहुधा वारंवार होणारी लघवी कमी करण्याची गोळी घेऊन घरी येईल. पण पान वाचणाऱ्याला दिसते की रात्रभर साठलेली लघवी ६.१० ला जेमतेम ९० मिली आली, म्हणजे बाकीची बहुधा आतच राहिली आहे. येथे मूत्राशय काठोकाठ भरून सांडत असावे. अशा स्थितीत ती गोळी मूत्राशयाला आणखी सुस्त करते आणि लघवी पूर्ण तुंबू शकते. तोच आकडा प्रत्येक वेळी ३५० ते ४०० मिली असता आणि गळती फक्त खोकताना झाली असती, तर विचार पूर्ण वेगळ्या दिशेने गेला असता.

पाचवी पायरी : गळती गळतीत फरक करा

खोकताना, हसताना, उठताना जाणारी लघवी ही ताणाची गळती आहे. ती शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसापासून तशीच असेल तर पट्टी सैल किंवा चुकीच्या जागी असू शकते. फक्त अंग बाहेर येण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर ती नव्याने दिसली, तर त्याचे कारण बहुधा असे असते की खाली आलेल्या मूत्राशयामुळे मूत्रमार्गाला पडलेली मुरड आता सरळ झाली आणि तिच्याआड दडलेली जुनी कमजोरी उघडी पडली. यात शस्त्रक्रिया बिघडलेली नसते. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली किमान तीन महिने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे नियमित व्यायाम करून पाहणे योग्य ठरते, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय त्यानंतर घ्यावा.

एकाएकी जोराची घाई होऊन वाटेतच लघवी होणे हा दुसरा प्रकार. तो पूर्वीपासून असेल तर शस्त्रक्रियेने जाईलच असे नव्हते, पण तो नव्याने सुरू झाला असेल तर घाईच्या गोळ्या घेण्याआधी तीन गोष्टी वगळल्याच पाहिजेत. जंतुसंसर्ग आहे का, लघवी आत शिल्लक राहते का, आणि पट्टी किंवा टाका मूत्राशयात शिरला आहे का. लघवी झाल्यावर लगेच सोनोग्राफी करून शिल्लक मोजता येते. साधारणपणे ५० मिलीच्या आत असेल तर काळजी नाही, १०० ते १५० मिलीच्या वर वारंवार असेल तर कारण शोधावे लागते. तिन्ही शंका फिटल्या की मग मूत्राशयाला वळण लावण्याचे काम हाती घ्या. घाई झाली की धावू नका. जागच्या जागी थांबा, शक्य असल्यास बसा, लघवी अडवणारे स्नायू पाच-सहा वेळा पटापट आवळून सोडा, लाट ओसरू द्या आणि मग शांतपणे चालत जा. दर आठवड्याला दोन खेपांतले अंतर पंधरा मिनिटांनी वाढवा. चहा-कॉफी कमी करा, मात्र पाणी तोडू नका, कारण लघवी घट्ट झाली की ती मूत्राशयाला अधिक डिवचते. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रवपदार्थ बहुतेकांना योग्य असतात. एवढ्याने भागले नाही तर सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉनसारखी औषधे आहेत. पहिल्याने तोंड कोरडे पडते आणि बद्धकोष्ठ होते, शिवाय वृद्धांच्या स्मरणशक्तीवर अशा गोळ्यांचा परिणाम होऊ शकतो. दुसऱ्यासाठी रक्तदाब आटोक्यात असावा लागतो.

तिसरा प्रकार म्हणजे दिवसरात्र, बसता-उठता, झोपेतही संथपणे चालू राहणारी गळती. नेहमीसारखी लघवीही होते आणि पॅडही सतत ओला, असे असेल तर मूत्राशय किंवा मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी नळी) आणि योनिमार्ग यांच्यात छिद्र पडले आहे का हे तपासावे लागते. हे बहुधा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लक्षात येते. मूत्राशयात निळे द्रव्य सोडून योनीत ठेवलेला बोळा रंगतो का, ही साधी चाचणी निदानाला मदत करते. छोटे छिद्र लवकर कळले तर काही आठवडे मूत्राशयात नळी ठेवून बुजू शकते, मोठ्याला दुरुस्तीची शस्त्रक्रिया लागते.

लघवी तुंबणे किंवा अर्धवट होणे

पट्टी बसवल्यानंतरच्या गुंतागुंतींत हा त्रास वारंवार भेटतो आणि वेळेवर ओळखला तर सुधारतोही चांगला. धार सुरू व्हायला वेळ लागणे, पुढे झुकल्याशिवाय किंवा उभे राहिल्याशिवाय लघवी न होणे, थांबून थांबून होणे आणि उठल्यावर पुन्हा लागणे ही त्याची लक्षणे. सुरुवातीला सूज हे कारण असते, म्हणून काही दिवस वाट पाहणे रास्त आहे. या काळात दोनदा लघवी करण्याची पद्धत वापरा. एकदा झाली की उठून दोन मिनिटे चाला, पुन्हा बसा, पुढे झुका आणि सैल सोडा. पोटाने जोर लावू नका, कारण जोर लावल्यावर पट्टी मूत्रमार्गाला आणखी आवळते. ताणाच्या वेळी आवळण्यासाठीच ती बसवलेली असते.

पट्टी घट्ट असल्याचे स्पष्ट असेल तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत ती थोडी खाली ओढून सैल करता येते. त्यानंतर ऊती तिच्यात रुजतात आणि मग ती मधोमध कापावी लागते. कापली तर गळती परत येईल या भीतीने अनेक जणी वर्षानुवर्षे अडखळत लघवी करतात. प्रत्यक्षात बहुतेक जणी नंतरही कोरड्या राहतात, कारण दोन्ही बाजूंना तयार झालेला व्रण आधार देतो. काहींची गळती परत येते हेही खरे, पण मूत्राशय कायमचे कमजोर होण्यापेक्षा ते सुधारणे सोपे असते.

तोवर स्वतःच नळी घालून लघवी काढावी लागली, तर ती शिकवणाऱ्या परिचारिकेकडून प्रत्यक्ष शिका. ऐकताना अंगावर काटा येतो, पण तीन-चार दिवसांत बहुतेकांना ते जमते. हात साबणाने स्वच्छ धुवा. पाय फाकवून बसा किंवा एक पाय उंच ठेवा आणि सुरुवातीला समोर आरसा ठेवा. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ओठ बाजूला करा. लघवीचे छिद्र योनिमार्गाच्या लगेच वर, छोट्या खळीसारखे दिसते. नळीचे टोक कुठेही न टेकवता ती हलके आत सरकवा. स्त्रियांचा मूत्रमार्ग तीन-चार सेंटिमीटरचाच असतो, त्यामुळे लघवी लवकर येऊ लागते, आणि ती आल्यावर नळी आणखी दोन-तीन सेंटिमीटर आत न्या. नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या, म्हणजे जागेची खूण राहते, आणि नवी नळी तिच्या वर घाला. धार थांबली की सावकाश बाहेर ओढा, मध्येच पुन्हा सुरू झाली तर थांबा. किती निघाली ते वहीत लिहा. एका वेळी ४०० ते ५०० मिलीपेक्षा जास्त निघत असेल तर खेपा वाढवाव्या लागतात, आणि शिल्लक कमी होत गेली की त्याच आकड्यांवरून खेपा कमी करता येतात. सुरुवातीला रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर घाबरू नका.

वारंवार होणारा जंतुसंसर्ग

उन्हाळे लागणे, लघवी गढूळ होणे, ओटीपोटात दुखणे हे शस्त्रक्रियेच्या वेळी घातलेली लघवीची नळी काढल्यानंतर बऱ्याच जणींना एकदा होते आणि औषधाने जाते. मात्र अँटिबायोटिक सुरू करण्याआधी लघवीचा कल्चर नमुना द्यावा, नाहीतर कोणता जंतू आणि त्याला कोणते औषध लागू, हे कळतच नाही. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला, तर फक्त नवी गोळी घेऊन परत येऊ नका. शिल्लक लघवी मोजून घ्या आणि दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहण्याविषयी विचारा. मूत्राशयात शिरलेल्या धाग्यावर खडे जमतात, आणि तो धागा तिथे असेपर्यंत संसर्ग परतत राहतो. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गात लावायचे इस्ट्रोजेन क्रीम संसर्ग कमी करण्यास चांगली मदत करते. पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला असेल तर त्या डॉक्टरांना विचारूनच ते वापरावे.

दुखणे, आणि व्यायाम कधी थांबवायचा

येथे एक चूक इतक्या वेळा होते की ती ठळकपणे सांगणे मला आवश्यक वाटते. ओटीपोटाचा कोणताही त्रास असला की "आवळण्याचे व्यायाम वाढवा" असा सल्ला सगळीकडून मिळतो. पण शस्त्रक्रियेनंतर दुखण्याच्या भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कित्येकदा नकळत सतत आवळलेले राहतात. अशा आखडलेल्या स्नायूंना आणखी आवळायला लावले तर दुखणे, लघवी सुरू न होणे, संडासला अडणे आणि शरीरसंबंधात वेदना, हे सगळेच वाढते. व्यायामानंतर दुखणे वाढत असेल तर तो थांबवा आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. येथे सैल सोडणे शिकावे लागते. उताणे झोपून गुडघे वाकवा, हात पोटावर ठेवा, श्वास घेताना पोट वर येऊ द्या आणि त्याच वेळी गुदद्वाराच्या आसपासचा भाग फुलतो आहे अशी जाणीव ठेवा. सोडताना काहीही आवळू नका. दिवसातून दोनदा दहा मिनिटे पुरतात.

दुखणे बसल्यावर वाढून उभे राहिल्यावर किंवा कमोडवर बसल्यावर कमी होत असेल, जळजळ किंवा विजेच्या झटक्यासारखे असेल, तर नसेचा विचार करावा लागतो आणि त्यासाठी साध्या वेदनाशामकांपेक्षा वेगळी औषधे किंवा नसेजवळ इंजेक्शन लागते. शरीराच्या चित्रावर दुखण्याची जागा बोटाने दाखवून तिथे खूण करा. "खाली दुखते" यापेक्षा ती खूण डॉक्टरांना पुष्कळ अधिक सांगते.

जाळी किंवा पट्टी उघडी पडणे

टोचल्यासारखे वाटणे, अंगावरून पाणी किंवा रक्ताळलेले जाणे, शरीरसंबंधानंतर रक्त दिसणे, किंवा जोडीदाराला काहीतरी खरखरीत टोचणे, ही लक्षणे काही आठवड्यांनी दिसू शकतात तशीच अनेक वर्षांनीही दिसू शकतात. "इतक्या वर्षांनी कसे होईल" हे उत्तर बरोबर नाही. योनिमार्गाची काळजीपूर्वक तपासणी, गरजेनुसार दुर्बीण आणि पट्टी दिसेल अशी सोनोग्राफी, यांनी निदान होते. लहानशी उघडी पडलेली जागा, त्रास नसल्यास, इस्ट्रोजेन क्रीम लावून काही काळ पाहता येते. त्रास असेल तर तेवढा भाग कापून वरची त्वचा शिवतात.

संपूर्ण जाळी काढणे हा निराळा आणि मोठा निर्णय आहे. जघनास्थीमागून गेलेली पट्टी पोटाच्या बाजूने आणि जांघेतून गेलेली पट्टी मांडीजवळ छेद घेऊन शोधावी लागते, आणि मूत्राशय, आतडी, रक्तवाहिन्या यांना इजा होण्याचा धोका असतो. काढल्यानंतर गळती परत येऊ शकते आणि दुखणे पूर्ण जाईल याची खात्री नसते. तरीही ज्यांचे दुखणे स्पष्टपणे जाळीशी निगडित आहे, अशा अनेक जणींना काढल्यावर आराम मिळतो. म्हणून हे काम वारंवार करणाऱ्या सर्जनकडेच जा आणि थेट विचारा : तुम्ही अशा किती जाळ्या काढल्या आहेत, अर्धी काढणार की पूर्ण, अर्धी काढली आणि दुखणे राहिले तर पुढे काय, आणि गळती परत आली तर उपाय कोणता. अर्धवट काढलेली पट्टी नंतर पूर्ण काढणे अधिक अवघड जाते, त्यामुळे पहिल्याच वेळी हा विचार नीट व्हावा.

अंग पुन्हा खाली येणे, शरीरसंबंध, आणि पुरुषांसाठी थोडे

दुरुस्त केलेल्या भिंतीऐवजी दुसरीच भिंत खाली येणे हे घडते. मूत्राशयाचे तोंड वर बांधल्यानंतर पुढे मागची भिंत सैल होणे हे तर परिचित आहे. प्रत्येक वेळी शस्त्रक्रिया लागत नाही, योनीत बसणाऱ्या सिलिकॉनच्या रिंगने अनेक जणींचे भागते. शरीरसंबंध वेदनादायक झाले असतील तर कारण कोरडेपणा, घट्ट व्रण, आखडलेले स्नायू किंवा उघडी जाळी यांपैकी कोणते हे तपासल्याशिवाय "वयामुळे" हे उत्तर घेऊ नये. वंगण, इस्ट्रोजेन, व्रणाचा हलका मसाज आणि लहान आकारापासून सुरुवात करणारे डायलेटर (योनिमार्ग हळूहळू सैल करणाऱ्या गुळगुळीत कांड्या), यांनी पुष्कळ फरक पडतो.

प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर गळती राहिली तर काही पुरुषांना मूत्रमार्गाभोवती कृत्रिम झडप बसवली जाते, आणि ती उघडण्याचा पंप वृषणकोशात असतो. ती साधारण सहा आठवड्यांनी सुरू करतात, तोपर्यंतची गळती अपेक्षितच असते. झडप बसवलेल्या व्यक्तीने तसे लिहिलेले कार्ड कायम खिशात ठेवावे, कारण झडप उघडून तिचे काम थांबवल्याशिवाय मूत्रमार्गात नळी घातली तर मूत्रमार्गाला जखम होऊन संपूर्ण यंत्रणा काढावी लागू शकते. वृषणकोशात लाली, सूज किंवा पंपाला कातडी चिकटल्यासारखी वाटली तर त्याच दिवशी दाखवा.

डॉक्टरांसमोर बसताना

दहा-पंधरा मिनिटांच्या भेटीत सगळे आठवत नाही. एका कागदावर चार ओळी लिहा. कोणती शस्त्रक्रिया कधी झाली, त्रास कधी सुरू झाला, त्यामुळे कोणती गोष्ट करता येत नाही, आणि आज कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे. तीन दिवसांची नोंद आणि शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्या. शक्य असेल तर विश्वासातली एखादी व्यक्ती बरोबर घ्या, तिने फक्त उत्तरे लिहून घ्यावीत. ज्या सर्जनने शस्त्रक्रिया केली त्यांना आधी सांगणे योग्यच, पण तक्रार दोनदा उडवून लावली गेली तर दुसरे मत घ्या. ते कृतघ्नपणाचे नसते. स्त्रीरोग आणि मूत्ररोग या दोन्हींचे विशेष प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वेदनातज्ज्ञ आणि गरज असल्यास गुदमार्गाचे सर्जन एकत्र बसून ठरवतात अशा ठिकाणी जाणे सर्वांत चांगले.

झोप उडणे, घराबाहेर पडायची धास्ती, स्पर्शाचीच भीती, सतत रडू येणे, हे लपवू नका आणि मनाचा कमकुवतपणा समजू नका. ते त्याच दुखण्याचा भाग असतात आणि समुपदेशकाची मदत इथे शारीरिक उपचाराइतकीच खरी असते. घरातल्या एका तरी माणसाला त्रासाचे नाव घेऊन सांगा. "बरे नाही" असे म्हटले तर घरचे फक्त काळजी करतात, पण "लघवी तुंबते, म्हणून मला दर चार तासांनी वीस मिनिटे एकांत हवा" असे सांगितले तर ते मदत करू शकतात.

पट्टी सैल करणे, कापणे, औषध बदलणे किंवा व्यायामाची दिशा बदलणे, यांपैकी कोणताही उपाय झाला की सहा आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस तीच नोंद करा आणि जुनी पाने शेजारी ठेवून पाहा. पहाटेच्या पहिल्या लघवीचा आकडा वाढला का, रात्रीच्या खेपा किती, पॅड किती भिजले, नळीने निघणारी शिल्लक किती उतरली. पुढच्या भेटीला दोन्ही वेळची पाने घेऊन जा.